श्रद्धा, संगत आणि आयुष्याची दोरी

नेमाने प्रार्थनास्थळी जाणारी माणसे न जाणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, असे गेल्या पन्नास वर्षांत अनेक मोठ्या पाहण्यांत दिसून आले आहे. धर्माच्या कैवाऱ्यांना ही गोष्ट सुखावते आणि विरोधकांना खटकते, म्हणून तिचा शांतपणे विचार क्वचितच होतो. आयुष्यातली ही वाढ नेमकी कशातून येते आणि तीच श्रद्धा माणसाच्या जिवावर केव्हा उठते, या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे आज हाताशी आहेत.

शास्त्रज्ञांनी आधी प्रार्थनेच्या फळालाच हात घातला. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्ये एक सरळ हिशेब मांडला. इंग्लंडच्या चर्चमधून दर रविवारी राजाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होई. प्रार्थना फळत असेल, तर राजघराण्यातली माणसे सर्वांत जास्त जगायला हवीत. आकडे निघाले उलटे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या सगळ्या वर्गांत राजघराण्याचे आयुर्मान सर्वांत कमी, म्हणजे सरासरी ६४ वर्षे होते.

हाच प्रश्न २००६ साली अधिक काटेकोरपणे तपासला गेला. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही’, असे दोन गटांना सांगितले. त्यांतल्या एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. ‘तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार आहे’, असे तिसऱ्या गटाला सांगितले. प्रार्थना करणारी मंडळी रुग्णांना ओळखत नव्हती. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना. प्रार्थना होते आहे हे ठाऊक असलेल्या तिसऱ्या गटात हा आकडा ५९ टक्क्यांवर गेला. ‘आपल्यासाठी देवाला साकडे घालावे लागते आहे, म्हणजे दुखणे फारच हाताबाहेर गेले असणार’, ही धास्ती त्यामागे असावी, असा एक तर्क मांडला गेला.

या प्रयोगावर श्रद्धावंतांनी आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. अनोळखी माणसाने यादीवरून नाव वाचून केलेली प्रार्थना हा धर्माचा फार लहान तुकडा झाला. आई अंथरुणाला खिळली असताना देवापाशी दिवा लावून बसणारी मुलगी पुढच्याच क्षणी उठून तिचे अंग पुसते, तिला वेळेवर गोळी देते. तिची प्रार्थना आणि तिची शुश्रूषा वेगळी काढून मोजता येत नाही. धर्माचा आरोग्याशी असलेला संबंध शोधायचा तर तो अशा जगण्यात शोधावा लागतो.

त्या दिशेने पहिले मोठे पाऊल फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डर्खाइम यांनी टाकले. आत्महत्येवरचा त्यांचा ग्रंथ १८९७ साली आला. युरोपात प्रॉटेस्टंट मुलखांत आत्महत्या जास्त आणि कॅथलिक मुलखांत कमी, असे त्यांना आढळले. दोन्ही पंथ आत्महत्येला सारखेच पाप मानतात, म्हणजे फरक शिकवणुकीत नव्हता. कॅथलिक माणूस आपल्या समूहाला जास्त घट्ट बांधलेला असतो आणि ते बंधन त्याला धरून ठेवते, असे डर्खाइम यांचे उत्तर होते. त्यांच्या आकडेमोडीत पुढच्या अभ्यासकांनी त्रुटी काढल्या, पण मूळ कल्पना टिकली. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार आठवड्यातून किमान एकदा चर्चला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश होते.

आजारपणाच्या बाबतीत हिशेब इतका सोपा नाही. मेरीलँड राज्यातल्या वॉशिंग्टन काउंटीत जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९७२ मध्ये दाखवले, की दर आठवड्याला चर्चला जाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आहेत. त्यातली खोच नंतर स्वतः कॉमस्टॉक यांच्याच लक्षात आली. ज्याचे हातपाय चालतात तोच चर्चच्या पायऱ्या चढतो; जो आधीच आजारी आहे तो घरी राहतो आणि लवकर जातो. गुडघे धरलेली आजी पहाटेच्या काकड आरतीला येत नाही, म्हणून काकड आरतीला येणाऱ्या सगळ्या आज्या धडधाकट दिसतात. पुढच्या प्रत्येक अभ्यासाला या शंकेचे उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे मात्र ‘देवळात जाणारे निरोगी असतात’ असे विधान आजही बिनदिक्कत केले जाते आणि ही शंका विचारली जात नाही.

सर्वांत भक्कम उत्तर त्याच परिचारिकांच्या अभ्यासातून मिळाले. टायलर व्हँडरवील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४,५३४ स्त्रियांचा १९९६ पासून २०१२ पर्यंत मागोवा घेतला. या काळात त्यांतल्या १३,५३७ जणींचा मृत्यू झाला. सुरुवातीची प्रकृती, वजन, उत्पन्न, आधीची सवय हे सारे हिशेबात धरूनही आठवड्यातून एकाहून जास्त वेळा चर्चला जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाले. आठवड्यातून एकदा जाणाऱ्यांत ते २६ टक्क्यांनी आणि अधूनमधून जाणाऱ्यांत १३ टक्क्यांनी कमी होते. सहभाग वाढतो तसा लाभ वाढतो, ही पायरीपायरीची चढण महत्त्वाची आहे. या फरकाचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग माणसांच्या आधारातून आला आणि जवळपास तेवढाच धूम्रपान न करण्यातून. खिन्नता कमी असणे आणि आशावादी वृत्ती यांचा वाटा त्याहून लहान होता. या स्त्रिया बहुतेक गोऱ्या, ख्रिस्ती आणि सुशिक्षित होत्या, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या समाजाला लावता येत नाहीत. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अशा पाहण्यांत घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेचा किंवा ‘मी धार्मिक आहे’ या उत्तराचा दीर्घायुष्याशी संबंध इतका ठळक दिसत नाही. ठळक दिसतो तो उठून चार माणसांत जाण्याचा.

लाभ कसा साठत जातो, हे कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या अभ्यासात दिसते. तिथे ५,२८६ माणसांवर १९६५ पासून २८ वर्षे नजर ठेवली होती. नेमाने चर्चला जाणाऱ्यांच्या सवयी मुळातच चांगल्या होत्या असे नाही. त्या पुढच्या वर्षांत सुधारत गेल्या. सिगारेट ओढणाऱ्यांतल्या जास्त जणांची ती सुटली, व्यायाम वाढला, ओळखीपाळखी वाढल्या, संसार टिकले. शेजारी बसणाऱ्याला आपली चौकशी असते, या साध्या गोष्टीचे हे फळ म्हणावे लागेल.

काही पंथांत तर आहारविहाराचे नियम हाच धर्माचा गाभा असतो. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक दारू-तंबाखूला शिवत नाहीत, त्यांतले पुष्कळ शाकाहारी असतात आणि शनिवारी सक्तीची विश्रांती घेतात. कॅलिफोर्नियातल्या ३४ हजारांहून अधिक ॲडव्हेंटिस्टांच्या अभ्यासात २००१ साली दिसले, की त्यांच्यातले पुरुष इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा ७.३ वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे जास्त जगतात. 

मग धर्म म्हणजे चांगल्या सवयी आणि चांगली संगत, एवढेच का? या प्रश्नाला इस्रायलमधला एक अभ्यास वेगळे वळण देतो. जेरेमी कार्क यांनी ११ धार्मिक आणि ११ निधर्मी किबुत्झ निवडले. किबुत्झ म्हणजे सामाईक मालकीच्या शेतीवस्त्या. तिथे एकत्र कष्ट, एकत्र जेवण आणि अडीअडचणीला सगळी वस्ती, हे दोन्हीकडे सारखेच. वस्त्यांच्या जोड्या एकाच परिसरातल्या होत्या, दवाखाने तेच होते. तरीही १९७० ते १९८५ या काळात निधर्मी वस्त्यांतले मृत्यूचे प्रमाण धार्मिक वस्त्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. संगत दोन्हीकडे असताना फरक उरला, तेव्हा संगतीपलीकडेही काहीतरी आहे. दिवसाला आणि आठवड्याला ठरलेला ताल, दुःखाला अर्थ देणारी चौकट, मरणाकडे पाहण्याची तयारी अशी त्याची नावे सुचवली गेली. ती तुलेवर तोलता येत नाहीत, पण म्हणून ती नाहीत असे म्हणणे उतावळेपणाचे होईल.

शरीरावर उमटणारा एक ठसा मात्र मोजता आला आहे. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. या गतीला हृदयाचा ठोका आणि रक्तदाब यांचा मेळ जास्त चांगला बसतो. धर्म दोन, भाषा दोन, पण श्वास तोच. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पाठीमागच्या टाळकऱ्यांबरोबर अभंगाची ओळ लांबवताना श्वास आपोआप खोल जातो, हे भजनाला बसणाऱ्या कुणालाही शिकवावे लागत नाही.

भारतातला सर्वांत बोलका अभ्यास प्रयागच्या माघ मेळ्यातला आहे. गंगा-यमुनेच्या संगमावर ऐन थंडीत महिनाभर राहणाऱ्या भाविकांना कल्पवासी म्हणतात. ते वाळूवरच्या तंबूत राहतात, पहाटे बर्फासारख्या पाण्यात स्नान करतात, बेताचेच खातात. भोवती लाखोंची गर्दी आणि ध्वनिवर्धकांचा अहोरात्र गोंगाट. यांतले पुष्कळ जण साठी ओलांडलेले, खेड्यापाड्यांतले. वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे ही आजारी पडण्याची पक्की तयारी आहे. नारायणन श्रीनिवासन, स्टीफन रायशर, निक हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४१६ कल्पवाशांना मेळ्याच्या महिनाभर आधी आणि मेळा संपल्यावर महिन्याभराने प्रकृतीबद्दल विचारले. मेळ्याला न गेलेल्या त्याच भागातल्या १२७ जणांना हेच प्रश्न विचारले. गेलेल्यांची प्रकृती आणि मनःस्थिती, त्यांच्याच सांगण्यानुसार, न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारली होती. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ‘आपण सगळे एकच’ ही भावना जितकी दाट, तितका अनोळखी माणूस जवळचा वाटतो आणि तितकी प्रकृतीही बरी, असे याच गटाच्या पुढच्या कामातून दिसले. तोच गोंगाट मेळ्याचा म्हणून ऐकवला तर तो सुसह्य वाटतो, शहरी रस्त्याचा म्हणून ऐकवला तर त्रास होतो, हेही त्यांनी दाखवले.

महाराष्ट्रात या वर्णनाला आषाढी वारीचे नाव द्यायला कुणाला वेळ लागणार नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी पायी चालतो. एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतो. दिंडीत कुणाचे पाय सुजले तर दुसरा तेल चोळतो, म्हातारीची पडशी तरुण खांद्यावर घेतो. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मांसाहार सुटतो. दारूने होरपळलेल्या घरांत माळ घातलेल्या माणसाची बायको या नेमाची किंमत सर्वांत जास्त जाणते. अमेरिकन परिचारिकांच्या हिशेबात सिगारेटपासून दूर राहण्याने जे साधले, तेच काम इथे माळ करते. तंबाखूची चंची मात्र दिंडीत अजून दिसते, आणि माळेची ताकद तिच्याकडे वळवणे कीर्तनकारांना सहज शक्य आहे.

या संगतीत सगळ्यांना सारखी जागा होती का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीच्या आनंदाबरोबरच जातवार वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगतींची बोचही नोंदवली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. धर्माचा आरोग्याला होणारा लाभ आत घेतलेल्यांपुरता असतो. जो उंबऱ्याबाहेर ठेवला गेला, त्याच्या वाट्याला तोच धर्म अपमान बनून येतो.

नियमांनाही दुसरी बाजू आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याच्या कुटाला आजही तंतोतंत लागू पडते. मधुमेह्यासाठी ते ताट उपासाचे राहत नाही. रमजानच्या रोज्यांविषयी मुस्लिम लोकवस्तीच्या १३ देशांत १२ हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांची पाहणी २००१ साली झाली. त्या महिन्यात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ४.७ पट आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ७.५ पट झाले होते. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, हे इस्लाममध्ये स्पष्ट सांगितलेले असूनही पुष्कळ जण ती घेत नाहीत. आपल्याकडच्या अनेक घरांत पूजा किंवा लग्नकार्य जवळ आले की बायका पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतात, बहुतेक वेळा डॉक्टरला न विचारता. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती असलेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात. एका दिवसाच्या सोवळ्यासाठी एवढे देणे मोठे आहे.

याहून खोल इजा मनातल्या देवाकडून होते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या आणि परिसरातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ‘देवाने मला टाकले’, ‘त्याचे माझ्यावर प्रेम उरले नाही’, ‘ही सैतानाची करणी आहे’ असे ज्यांना वाटत होते, त्यांना पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त होता. मराठीत या भावनेला ‘देव कोपला’, ‘मागच्या जन्मीचे पाप’ अशी नावे आहेत. कुष्ठरोग्यांनी या शब्दांचा मार शतकानुशतके खाल्ला. कुष्ठरोग हा जंतूमुळे होणारा आणि औषधाने बरा होणारा रोग आहे, हे सिद्ध झाल्यावरही पापाचा डाग पुसायला अमरावतीच्या तपोवनासारख्या, वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या संस्थांना माणसे जवळ करून दाखवावी लागली.

गर्दी जशी उभारी देते तशी रोगही वाहून नेते. हरिद्वारच्या १८६७ च्या कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कॉलरा उत्तर भारतभर पसरला. म्हणूनच २०२० साली करोनाच्या साथीत संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्याचा निर्णय वारकरी संप्रदायाने मान्य केला, ही मोठी समंजस गोष्ट होती. शेकडो वर्षांचा पायी नेम त्या वर्षी माणसे वाचवण्यासाठी बाजूला ठेवला गेला.

श्रद्धा औषधाच्या आड उभी राहते तेव्हा जीव जातो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला ‘फेथ असेंब्ली’ हा पंथ डॉक्टरी उपचार नाकारी. १९७५ ते १९८२ या काळात त्यांच्यातल्या बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास शंभरपट होते. औषधपाण्याने सहज वाचल्या असत्या अशा त्या तरुण स्त्रिया होत्या. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यालगत मनोरुग्णांना ठेवणाऱ्या एका खोपटाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि २८ जण जळून मेले. त्यांना साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे पळता आले नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली. महाराष्ट्राने अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, २०१३ सालीच केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे.

एरवाडीनंतर सगळी देवस्थाने झाडून बंद करावीत, असा सूर निघाला होता. त्याच सुमारास, २००२ मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या आर. रघुराम आणि सहकाऱ्यांचा तमिळनाडूतल्याच मुथुस्वामी मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर मानसिक आजार असलेले ३१ जण तिथे नातेवाइकांसह काही आठवडे राहिले. तिथे मारझोड नव्हती, अंगातले भूत काढणे नव्हते. झाडलोट करावी, झाडांना पाणी घालावे, सकाळच्या पूजेला बसावे. औषध न देताही त्यांच्या लक्षणांची तीव्रता सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घटली. एवढ्या थोड्या रुग्णांवरून औषधे सोडा असे कुणी म्हणू नये, आणि अभ्यासकांनीही तसे म्हटले नाही. वेड्या माणसाला माणसासारखे वागवणारी जागा त्याला आपोआप थोडे बरे करत असावी, असे मात्र त्यातून दिसते. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात पुढे ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला आवारातच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात.

पोलिओच्या बाबतीत हीच युती देशभर कामी आली. भारतात २००२ साली पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण आढळले, त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेशात, आणि मुस्लिम मुलांचे प्रमाण त्यांत फार मोठे होते. डोसामुळे मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा होती. सरकारी माणसाने कितीही सांगितले तरी दार उघडत नव्हते. मग उलेमांनी आवाहने काढली, मशिदींच्या भोंग्यांवरून डोसाची तारीख सांगितली जाऊ लागली, इमामांनी स्वतःच्या हाताने बाळांना थेंब पाजले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

महाराष्ट्रात हे नाते सर्वांत सरळपणे गाडगे महाराजांनी जोडले. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनात नवस, पशुबळी, दारू आणि अस्वच्छता यांवर बोलत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी मंदिर बांधले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. परगावच्या रोग्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा, पोटाला अन्न आणि शेजारी माणूस लागतो, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईत दादर पूर्वेला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही उतरतात.